लाल निघालेला चुडा

झाशीत दतिया गेटच्या बाजारात एकदा एक सांड उधळला होता. मी मेथी घेऊन निघाले होते. लोक भराभर दुकानांच्या पायऱ्यांवर चढले आणि कुणीतरी माझ्याकडे हात करून ओरडलं, "अरे बहनजी, लाल कपड़ा हटाओ! लाल कपड़ा!"

माझ्या अंगावर साडी होती, खांद्यावर शाल होती आणि हातात कापडी पिशवी. या तिन्हींतलं लाल कुठलं, ते मला कळेना. मी पिशवी खाली टाकली.

"थैला नहीं, शॉल, शॉल!" सगळे ओरडले आणि मग हसायलाच लागले. मी शाल काढून पोटाशी धरली. सांड माझ्यापर्यंत आला, पिशवीतून बाहेर पडलेली मेथी निवांत खाल्ली आणि निघून गेला.

"घबरा गईं, जिज्जी?" भाजीवालीने विचारलं.

"हओ," मी म्हटलं. घाबरले होते हे खरं होतं. पण सांडाला नव्हते घाबरले. लोकांना कळलं की काय, याला घाबरले होते.

मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. हे एवढं साधं वाक्य लिहायला पन्नाशी उलटावी लागली, आणि आत्ताही दार लोटून घेतलं आहे. पिवळं मला दिसतं, निळं तर फारच छान दिसतं. पण लाल, हिरवं, तपकिरी, शेंदरी हे सगळं मला एकाच मातीचं वाटतं, कुठे थोडी ओली, कुठे थोडी सुकी. माझ्या वडिलांचंही असंच असावं. ते रेल्वेत पार्सल ऑफिसला होते. सकाळी मोजे हातात घेऊन आईला विचारायचे, "हे जोडीचेच आहेत ना?" आई चिडायची, "डोळे आहेत की बटणं?" ते हसून मोजे घालायचे. पुरुषाला ते शोभून जातं. बाईने मोजे-साड्या ओळखू नयेत, तर तिला काय म्हणतील?

शाळा मी चौथीपर्यंत शिकले. आई आजारी पडली, धाकट्यांना सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून घरी बसले. बाकीच्या मुली शाळा सोडावी लागली की रडायच्या. मला आतून बरं वाटलं होतं. आमच्या शाळेतल्या बाई, म्हणजे बहनजी, महत्त्वाचे शब्द लाल खडूने फळ्यावर लिहायच्या आणि मला ते काळ्या फळ्यात बुडून गेलेले दिसायचे. "लाल वाले शब्द पढ़ो," म्हटलं की मी मान खाली घालून उभी राहायची. त्या म्हणायच्या, लड़की गूंगी है. मराठी मला वडिलांनी घरी शिकवली, शाईने, पांढऱ्या कागदावर. म्हणून ती मला वाचता येते.

लग्न होऊन खंडेराव गेटपाशी आले. सासरचं घराणं जुनं मराठी, बोलण्यात अजून "माजघर" आणि "पडवी" शिल्लक असलेलं. तिथे मी एक नियम करून घेतला, की रंगाचं नाव म्हणून कधी तोंडातून काढायचं नाही. "ती काठाची साडी दे," "जाड विणीची शाल," "गुळगुळीत वाटी," असं बोलायचं. साड्या नणंदेबरोबर जाऊन घ्यायच्या आणि ती म्हणेल तिला मान डोलवायची. फॉल लावायचा दोरा दुकानदाराच्या हातात साडी देऊन त्यालाच काढायला लावायचा. मोबाइल चार्ज झाला का ते दिव्यावरून नाही, आकड्यावरून बघायचं. इलाइट चौराह्यावर सिग्नलकडे बघायचंच नाही. चार माणसं चालायला लागली की त्यांच्या मागे चालायचं. सगळ्यांना वाटायचं, ही भिडस्त आहे, हिला नटण्याची हौस नाही. आमचे हे तर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "हिला काहीही आणा, कधी नाक मुरडायची नाही." मी पदराने तोंड पुसायची.

माझ्या लेकीने मात्र एकदा मला जवळजवळ पकडलं होतं. ती सहा-सात वर्षांची असेल. आमच्याकडे एक कुत्रा होता, गल्लीतूनच आत आलेला. लेक किल्ल्याच्या बाजूच्या मैदानात त्याच्यासाठी चेंडू फेकायची. चेंडू लाल, गवत हिरवं. कुत्रा चेंडूवरून धावत पुढे जायचा, थांबायचा, मग नाक जमिनीला लावून गोल गोल फिरत परत यायचा. मीही शोधायला गेले की त्याच्यासारखीच पुढे निघून जायची.

"आई, अगं पायाशी आहे! तुला पण दिसत नाही? तू आणि हा, दोघं एकसारखे!"

ती पोट धरून हसली. मीही हसले. पण नंतर चेंडू शोधायला गेले नाही, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

पुढे ती कॉलेजात गेली, तेव्हा एका दुपारी मटार सोलताना मोबाइलवरचं वाचून दाखवू लागली. "आई, ऐक ना. कुत्र्यांना म्हणे लाल-हिरवं वेगळं कळतच नाही. निळं आणि पिवळं दिसतं. म्हणून आपला बिचारा चेंडू शोधायचा नाही का! आणि गाय-बैलांना पण लाल नाही दिसत. सांड लाल कपड्यावर नाही धावत, कपडा हलतो ना, म्हणून धावतो. आणि काही माणसांना पण असतं असं. पुरुषांना जास्त, बायकांना क्वचित. आईकडून मुलाला जातं." ती पुढे वाचत राहिली. माझ्या हातातले मटार कधी टोपलीत पडत होते, कधी सालात. म्हणजे त्या दिवशी बाजारात लाल न कळणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि तो सांड. माझ्या या दिसण्याला काही नाव असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटायचं, मीच मंद आहे. आता नाव कळलं, पण ते माणसांच्या आधी जनावरांच्या रांगेत कळलं, त्यामुळे आणखीच ओशाळले. बोलायची ती वेळ होती. मी विचारलं, "चहा टाकू?"

जनावरांच्या त्या रांगेतही एक अपमान माझा मीच शोधून काढला. गच्चीवर मी कुंड्यांत टोमॅटो लावते. पिकले की नाही हे मी दाबून बघते. माकडं येतात ती दाबत नाहीत. कठड्यावर बसून लांबूनच बघतात आणि पिकलेले तेवढे नेमके नेतात, कच्च्याला हात लावत नाहीत. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "माकडाला कळतं, पण आमच्या सुनेला कळत नाही. कच्चे टोमॅटो घातले आमटीत!" त्या गंमतीने म्हणायच्या. मी ते मनाला लावून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी लेकीचं लग्न ठरलं, पुण्याच्या घरात. तिच्या मनावर केवढं दडपण होतं ते मी बघत होते. आमच्या इकडची मुलं मराठी समजतात, पण बोलताना मध्येच हिंदी घुसतं. मुलाकडचे बघायला आले तेव्हा ती "मी आत्ताच कपडे प्रेस केले" म्हणाली आणि विहीणबाई गोड हसून म्हणाल्या, "इस्त्री केली म्हणायचंय का तुला?" त्या दिवसापासून लेक माझ्याबरोबर रोज शुद्ध मराठी बोलायचा सराव करायची. चुकली की जीभ चावायची. तिकडे फोनवर तिने सांगून ठेवलं होतं, "आम्ही झाशीत असलो तरी घरात सगळं मराठी पद्धतीनेच असतं." तिला एवढंच हवं होतं, की सासरी कुणी तिला अर्धी हिंदीवाली म्हणू नये.

हिरवा चुडा नणंद ग्वाल्हेरहून आणणार होती. चुडा भरायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, "वहिनी, गडबडीत राहूनच गेला बघ. तू घेशील ना? हिरव्या काचेच्याच तर बांगड्या, त्यात काय!"

"त्यात काय," मीही म्हटलं.

दुकानात लग्नाची गर्दी. माझा नंबर आला तेव्हा म्हटलं, "भैया, दुल्हन की चूड़ियां दे दो. सवा दो का नाप."

"दुल्हन की? पूरा सेट?"

"हओ."

त्याने डबा काढला, कागदात बांधला. माझं हिंदी इथल्यासारखंच आहे, मी मराठी आहे हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तो इथल्या नवरीला देतात तेच देणार. मी फक्त एक शब्द बोलायला हवा होता, "हरी." पण हरी म्हटलं असतं तर त्याने दोन-चार डबे पुढे ठेवून विचारलं असतं, यातली कुठली, गडद की तोतई, पोपटी? आणि मागे उभ्या असलेल्या बायकांनी बघितलं असतं की ही बांगड्यांकडे न बघता दुकानदाराच्या तोंडाकडे बघतेय. मी डबा घेऊन घरी आले. उघडला. काच चमकत होती. मला त्या हिरव्याच वाटल्या, कारण मी हिरव्या आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी चुडा भरायला सगळ्या बायका जमल्या. विहीणबाई आणि त्यांची जाऊ मुद्दाम बघायला आल्या होत्या. लेक पाटावर, हात पुढे करून. नणंदेने डबा उघडला आणि थांबली.

"वहिनी, हे काय? लाल?"

सगळ्या डब्यावर वाकल्या. मग विहीणबाई म्हणाल्या, "इकडे लालच घालत असतील."

"नाही हो," नणंद म्हणाली, "आमच्याकडे हिरवाच... वहिनी, अगं बोल ना. इथली बुंदेली झालीस की काय?"

बायका हसल्या. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर रागही नव्हता, नुसतं विचारणं होतं. त्या क्षणी माझ्याकडे दोन लाजा होत्या. एक, मला दिसत नाही. दुसरी, मी रीत विसरले. पहिली फक्त माझी होती, दुसरी माझ्या लेकीच्या डोक्यावर बसणार होती. आणि मी म्हटलं, "इकडे सगळे लालच घालतात. मला वाटलं, चालेल."

विहीणबाईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "असू दे हो. लांब राहिलं की रीती राहतात कुठे?"

भाच्याला बाजारात पिटाळलं. हिरव्या बांगड्या आल्या, चुडा भरला, गाणी झाली. आत कपाटापाशी लेकीने मला गाठलं. "आई, एवढीच एक गोष्ट होती ना. एवढीच." ती रडली नाही, काजळ पसरेल म्हणून. मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण तिच्या अंगावरच्या हळदीचं निमित्त करून मी बाजूला झाले.

ती पुण्याला गेली आणि तो लाल चुडाही तिच्यामागून गेला. फोनवर हसत सांगायची, पण मी तिची आई आहे, ते हसू मला कळतं. मंगळागौरीला कुणी विचारलं, "तुमच्यात लाल खेळ असतात का?" संक्रांतीला वाण देताना, "हिला हिरवं दाखवून घ्या हं." तिने कुठला हिंदी शब्द वापरला की, "आई तशी लेक." ती म्हणायची, "मजा करतात गं, तू मनावर घेऊ नकोस." मी घरात एकटीच लाल होऊन बसायची. तोंड लाल होतं असं लोक म्हणतात. मला आरशात ते कधी दिसलं नाही, पण कान तापलेले कळतात.

मग डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. हिरवी साडी माहेरची, म्हणजे मी न्यायची. नणंद तेव्हा आजारी होती. लेक फोनवर म्हणाली, "आई, साडी इथेच घेऊ का? तू नुसती ये." तिने ते इतक्या सांभाळून म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "नाही. मी आणते."

इलाइट चौराह्याजवळच्या दुकानात मी दुपारची गेले, गर्दी नसेल म्हणून. गर्दी होती. दोनदा बाहेर येऊन परत आत गेले. मग गादीवर बसले आणि खाली बघत म्हटलं, "भैया, मुझे लाल-हरा अलग नहीं दिखता. हरी साड़ी चाहिए. आप ही देख के दे दो."

त्याला नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मोठ्याने. तो तर त्याहून मोठ्याने आत ओरडला, "अरे, माताजी को रंग नहीं दिखते! हरे वाले सब निकालो!"

सगळ्या दुकानाने माझ्याकडे बघितलं. शेजारच्या बाईने माझ्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

"दिखता है," मी म्हटलं. "बस वो दो रंग नहीं."

"हाय, तो टमाटर कैसे पहचानती हो?"

"दबा के."

ती खो खो हसली, पण पुढे सरकली. "लाओ, हम बताएं. जे तो काई जैसा है, बूढ़ा लगेगा." शेवाळासारखी म्हणून ती साडी तिने बाजूला सारली. "जे देखो, तोता जैसा. पहली बार है बिटिया का? तो जेई लो." तिच्याबरोबरच्या सुनेनेही तीच दाखवली. त्या दोघींनी पदर उलटून जरीही बघितली, भावही पाडून घेतला. माझे कान तापलेलेच होते. पण एवढी वर्षं ज्याची भीती बाळगली होती, ते एवढंच निघालं. चार अनोळखी माणसं हसली आणि साडी मिळाली. हे लेकीच्या लग्नाआधी का नाही जमलं? घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात फिरत होतं.

पुण्यात डोहाळजेवणाला घर भरलेलं. लेकीने साडी नेसली. विहीणबाईंनी तिचा पदर उचलून सगळ्यांना दाखवला. "या वेळी खरंच हिरवी आणलीत हो विहीणबाई!"

हशा झाला. एक म्हातारी शेजारीण लेकीला म्हणाली, "का गं, तुमच्याकडे नवरीला लाल चुडा भरतात म्हणे?"

लेक हसली. एकेक शब्द निवडून म्हणाली, "नाही आजी, हिरवाच भरतात. पण आईला वाटलं, चालेल."

माझं खोटं तिने पाठ केलं होतं. माझ्याच शब्दांत, माझ्यासारखीच मान खाली घालून.

"चालेल वाटलं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून. चुडा मला हिरवाच वाटला. आमच्या घरात हिरवाच भरतात, माझ्या सासूबाईंनी मलाही तोच भरला होता. माझ्या लेकीला सगळं येतं. चूक डोळ्यांची होती, ती मी तिच्या अंगावर ढकलली."

कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी पदर हळूच खाली सोडला. "अहो, मग तेव्हाच सांगायचंत ना," त्या म्हणाल्या. "आम्ही उगीच..." आणि मग त्यांची नजर लेकीच्या पोटावर गेली. "म्हणजे बाळाला पण...?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. मटार सोलतानाच आलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकलं आणि वाटलं, एक ओझं काढून मी तिथेच दुसरं ठेवलं.

लेकीने पोटावर हात ठेवला. ती माझ्याकडेच बघत होती, चुड्याच्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग तिचं उत्तर तिला मिळालेलं मला दिसलं. "चेंडू," ती पुटपुटली. "आई, तो चेंडू!" आणि सासूकडे वळून, मराठीचा सराव वगैरे सगळं विसरून म्हणाली, "अहो आई, मुलगा झाला तर असू शकतं. चान्स आहे. पण टेन्शन नका घेऊ. आमच्या डॉगीला पण लाल दिसत नव्हतं. एक बॉल नाही गुम होऊ दिला त्याने. सूंघून आणायचा."

"नातवाला कुत्र्याची उपमा देतेस?" विहीणबाई म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं. "गुम होऊ दिला नाही म्हणे!"

सगळे गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. हातातल्या बांगड्या माझ्या तोंडापुढे धरून म्हणाली, "या कशा दिसतात तुला? खरं सांग."

"सुकलेल्या चिंचेसारख्या."

"आणि लाल असत्या तर?"

"तशाच."

तिने बांगड्या मनगटावरून मागे सारल्या. मग म्हणाली, "आई, मी तेव्हा तुला बोलले ना. तू मला सांगायचं तरी."

तिला माझी क्षमा मागायचं काही कारण नव्हतं, आणि तीच मागत होती. मला लाज वाटली ती याची. दिसत नाही याची आता तेवढी वाटत नाही. पण तिला दोन वर्षं बोलणी खाऊ दिली, आणि मी झाशीत बसून टोमॅटो दाबत राहिले, याची वाटते. मी तिचा हात धरला, आणि या वेळी कुठलं निमित्त काढलं नाही.